चाकाचा नट सुटत नाही, तेव्हा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ऊन तापू लागलं की टायर फुटण्याच्या आणि चाक बदलण्याच्या तक्रारी वाढतात. नागपूर आणि आसपासच्या गावांतून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडली आहे: जॅक आहे, स्टेपनीत हवा आहे, पण नट जागचा हलत नाही. म्हणून हे सदर पूर्ण त्या नटाला आणि तो उघडणाऱ्या पान्याला दिलं आहे.

वर्धा रोडवर जामठ्याजवळ टायर पंक्चर झाला. गाडीसोबत आलेला एल पाना लावून त्यावर उभा राहिलो, तरी नट हलला नाही. पानाच वाकला. आता गाडीत पाईप ठेवू, फुली पाना घेऊ, की दुसरं काही? (मनीषनगर)

तुमची ताकद कमी पडली असं समजू नका. साधा हिशेब करून पाहा. छोट्या आणि मध्यम गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरपर्यंत कसायचे असतात. १०० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा भार. एल पान्याचा दांडा जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर असतो. तीस धरला तर टोकाला ३४ किलो भार लागेल. म्हणजे नीट कसलेला नट त्याच पान्याने, जरा अंग टाकलं की सुटायला हवा.

तो सुटत नाही, कारण मागच्या वेळी टायरच्या दुकानात त्याच्यावर नट आवळायची हवेची गन चालवलेली असते. गन किती आवळते ते चालवणाऱ्याला हाताला कळत नाही. नट २५० न्यूटन मीटरवर गेला असेल, तर तीस सेंटिमीटरच्या पान्यावर ८५ किलो भार हवा. हा भार आपण पायाने देतो, तोही झटक्याने. मग पान्याचं तोंड नटावर तिरकं होतं, कोपऱ्यांवर चढतं आणि नट गोल होतो. पान्यावर उभं राहणं, त्याहून उड्या मारणं, यात घोटा मुरगळतो आणि नटही वाया जातो. ते करूच नका.

दांडा दुप्पट लांब केला की भार निम्मा होतो. २४ इंची, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या दांड्यावर तोच २५० चा नट ४२-४३ किलोवर येतो, आणि १०० चा नट १७ किलोवर. सतरा किलो म्हणजे दोन्ही हातांनी दाबण्याइतकंच काम.

फुली पान्याबद्दल आपल्याकडे फार भरवसा आहे. तो चांगलाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. त्याची एकेक भुजा मध्यापासून साधारण वीस सेंटिमीटर असते. एका हाताने वर ओढायचं आणि दुसऱ्याने खाली दाबायचं, म्हणून दोन्ही हातांचा जोर मिळून जुळतो आणि पाना नटावर तिरका होत नाही. हा मोठा फायदा. १०० च्या नटाला प्रत्येक हाताने २५ किलो पुरतात. पण गनने आवळलेल्या २५० च्या नटाला प्रत्येक हाताने साठेक किलो लागतील, ते घरच्या माणसाला जमत नाही. ढिला झालेला नट गरगर फिरवून काढायला मात्र फुलीसारखा पाना नाही.

ओढून लांब होणारा, टेलिस्कोपिक व्हील पाना बरा. मात्र त्याचा आतला दांडा पूर्ण बाहेर काढल्यावर सांध्यात किती डुलतो ते दुकानातच पाहा. डुलत असेल तर घेऊ नका.

आमचा सल्ला असा: ब्रेकर बार, म्हणजे टोकाला गोटी बसवण्यासाठी अर्धा इंची चौक असलेला जाड दांडा, १८ ते २४ इंच लांब, आणि तुमच्या नटाच्या मापाची एक खोल गोटी, म्हणजे नटावर बसणारं सुटं तोंड (सॉकेट). दुकानात 'फ्लेक्स हँडल' किंवा 'लांब टॉमी' म्हटलं तरी चालतं. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत ही जोडी सहज मिळते आणि एका टायरपेक्षा बरीच स्वस्त पडते. रॅचेट हँडल यासाठी वापरू नका. त्याच्या आतला खटका बारीक दात्यांवर टेकलेला असतो, जाम नटावर तो दातासकट तुटतो. रॅचेट नट ढिला झाल्यावर.

पाईपविषयी: एल पान्यावर पाईप घातला की सगळा जोर पान्याच्या वाकणावर आणि तोंडावर येतो, आणि या पान्याचं पोलाद त्यासाठी बनवलेलं नसतं. तोंड फाकतं. तुमचा पाना पाईपशिवायच वाकला, तर पाईपने काय होईल ते उघड आहे. जाड ब्रेकर बारवर अडीअडचणीला पाईप चालून जातो, पण २४ इंची बार घेतलात तर त्याची गरज पडत नाही.

गोटी घेताना दुकानदार विचारतो, सहा कोनी की बारा कोनी? साधी की काळी? आणि माप कोणतं? (सदर)

मापापासून सुरुवात करू. मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटर, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बहुतेकांना २१, फोक्सवॅगन आणि स्कोडाला १७. तरी स्वतःच्या गाडीवर बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका. गाडीसोबतच्या पान्यावर आकडा कोरलेला असतो, तो पाहा. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने नट बदललेले असू शकतात.

सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांच्या अगदी टोकाला धरते. पंख्याच्या किंवा इंजिनच्या अडचणीच्या जागी ती सोयीची, कारण थोड्याच अंशात बसते. चाकाच्या नटाला जागेची अडचण नाही, पकडीची आहे. सहा कोनी गोटी सपाट बाजूवर धरते, कोपरे वाचतात.

काळी गोटी म्हणजे इम्पॅक्टची: क्रोम मॉलिब्डेनम, भिंत जाड, गनचे ठोके सोसणारी. चकचकीत गोटी क्रोम व्हॅनेडियमची, हाताच्या कामासाठी. हाताने काम करणार असाल तर दोन्ही चालतात, पण चकचकीत गोटी गनवर कधीही लावू नका, ती तडकून तुकडे उडतात. अलॉय व्हील असेल तर एक गोष्ट आणखी बघा. नट खोल भोकात बसलेला असतो, जाड भिंतीची गोटी तिथे शिरत नाही किंवा अलॉयला ओरखडे काढते. बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेल्या, पातळ भिंतीच्या १७-१९-२१ अशा तीन गोट्यांचा संच मिळतो. अलॉयवाल्यांनी तोच घ्यावा.

माझं वय ६१, वजन ५० किलो. मुलगा पुण्याला. एकटीने गाडी चालवते, पण चाक बदलायची वेळ आली तर मला जमेल का? (गांधीबाग)

जमेल. पन्नास किलो वजन पुरेसं आहे, ते कुठे टाकायचं एवढं ठरलेलं हवं. एकदा घरासमोर, घाई नसताना, पूर्ण क्रम करून पाहा.

गाडी सपाट जागी. हँडब्रेक ओढा, गिअर पहिल्यात ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी गुटका लावा. आता महत्त्वाचं: जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे. चाक हवेत असेल तर पान्यासोबत चाकच फिरतं, आणि जोर लावताना गाडी जॅकवरून सरकू शकते.

गोटी नटावर पूर्ण आत बसवा, तळाला टेकल्याचा ठक्क आवाज येतो. बार डावीकडे, जमिनीला समांतर. घड्याळात नऊ वाजल्यावर तासकाटा जिथे असतो तिथे. उजव्या हाताने गोटी नटावर दाबून धरा, म्हणजे ती बाहेर सरकणार नाही. डावा तळवा बारच्या अगदी टोकावर. कोपर ताठ, खांदा हाताच्या बरोबर वर, एक पाय मागे. आता हाताने रेटू नका, खांद्यावरून अंगाचं वजन हळूहळू त्या हातावर सोडा. दोन-तीन सेकंद काही होत नाही. मग 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि बार दोन बोटं खाली जातो. एवढंच हवं होतं. पाव फेरा, फार तर अर्धा. सगळे नट असेच सोडवायचे, पूर्ण काढायचे नाहीत.

बार उजवीकडे ठेवून खाली दाबलं तर नट आणखी आवळतो, घाईत ही चूक फार होते. आणि बार खाली दाबायला जागा मिळत नसेल, तर वर ओढण्यापेक्षा गोटी काढून एक कोपरा फिरवून पुन्हा बसवा. वर ओढताना कंबर जाते.

मग जॅक. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या खाचेतच, दुसरीकडे नाही. टायर जमिनीपासून तीन-चार बोटं वर आला की नट हाताने काढा, वरचा नट सर्वांत शेवटी. काढलेलं चाक गाडीच्या खाली, जॅकच्या शेजारी आडवं ठेवा. जॅक सरकला तर गाडी त्यावर टेकते. हात किंवा पाय गाडीखाली जाऊ देऊ नका.

बसवताना नट बोटांनी चार-पाच आटे तरी चढायला हवेत. बोटांनी चढत नसेल तर तो तिरका लागला आहे, मागे फिरवून पुन्हा लावा. पान्याने सुरुवात केली की तिरका नटही चढतो आणि आटे कापून टाकतो. गाडी खाली उतरवल्यावर नट समोरासमोर या क्रमाने कसा: चार नट असतील तर फुलीने, पाच असतील तर चांदणी काढतो तसे एक सोडून एक. २४ इंची बारने कसताना अंगाचं वजन टाकू नका. एका हाताने, सतरा किलो म्हणजे साधारण एका भरलेल्या पाण्याच्या कॅनइतका जोर. ही अंदाजाची रीत आहे. घरी किंवा जवळच्या वर्कशॉपमध्ये पोहोचलात की टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरावर 'कट' आवाज देणाऱ्या पान्याने, तपासून घ्या.

ऑनलाइन एक गिअरचा पाना दिसतो. हँडल गरगर फिरवायचं, आणि ट्रकचाही नट सुटतो म्हणे. कारला घेऊ का? (हिंगणा एमआयडीसी)

हा टॉर्क मल्टिप्लायर. आतल्या ग्रहमाला गिअरमुळे हँडलचे अनेक फेरे मिळून नटाचा एक फेरा होतो, आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना याचं काम पडतं, कारण ट्रकचे नट ५०० न्यूटन मीटरच्या वर कसलेले असतात. उघडायला तो उत्तम, पण कारसाठी गरज नाही. दोन कारणं. एक, तो कुठेतरी टेकवावा लागतो आणि त्याचा पाय शेजारच्या नटावर अडकवतात. कारच्या अलॉयमध्ये तो नीट बसत नाही, निसटला तर बोटं सापडतात. दुसरं, तुमच्या हाताला जोर कळतच नाही. आटे अडकलेला नट असेल तर मल्टिप्लायर शांतपणे स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) पिळून तोडतो. आणि त्याने नट कसायचा तर कधीच नाही.

गाडी दोन पावसाळे उघड्यावर उभी होती. नट गंजले आहेत. तेल टाकू? वेल्डिंगवाला म्हणतो गरम करून काढतो. (कामठी)

आधी शेवटच्याचं उत्तर: चाकावर टायर असताना नट किंवा रिम पेटवून गरम करू देऊ नका. टायरमधलं रबर आतून तापून वायू सुटतात, आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. हवा थोडी कमी केली तरी हा धोका टळत नाही. यात माणसं दगावली आहेत.

तेल टाका, पण कुठे ते पाहून. नट आणि स्टड जिथे भेटतात, तिथे स्टडच्या टोकाकडून गंजसोड तेलाचे दोन-तीन थेंब किंवा एक छोटा फवारा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. शक्य असेल तर रात्रभर. मग गोटी बसवून बारच्या टोकाला हाताने उजवीकडे थोडं कसल्यासारखं करा आणि मग डावीकडे. गंजाची पकड दोन्ही दिशांनी हलवल्यावर लवकर सुटते. गोटीच्या डोक्यावर मध्यम हातोडीने दोन-चार ठोके दिल्यानेही फरक पडतो. ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमच्या आत तेल जाऊ देऊ नका.

चाक परत बसवताना मात्र आट्यांवर तेल किंवा ग्रीस नको. 'पुढच्या वेळी सोपं जाईल' म्हणून लोक लावतात, आणि इथेच नुकसान होतं. कसण्याचा आकडा कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला असतो. पान्याचा बराचसा जोर घर्षणात जातो, थोडाच स्टडला ताणतो. तेल लागलं की घर्षण घटतं आणि तोच आकडा स्टडला कितीतरी जास्त ताणतो. तुम्ही १०० वर थांबलात, पण स्टडला १३० चा भार पडला, असं समजा. आटे वायर ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, बस.

सगळे नट काढले, तरी चाक हबला चिकटूनच. लाथा मारल्या, हललं नाही. (उमरेड)

गाडी जॅकवर असताना लाथ मारू नका. जॅकला आडवा झटका सोसत नाही. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधल्या गोलावर आणि रिमच्या भोकात गंज धरतो, विशेषतः अलॉय आणि लोखंड एकत्र आलं की. सगळे नट दोन-तीन आट्यांवर सैल बसवा, गाडी खाली उतरवा, आणि गाडीत बसून दोन-चार फूट पुढे-मागे हळूच हलवा, ब्रेक हलका दाबून. गाडीच्या वजनाने चाक सुटतं, नट असल्याने निघून पडत नाही. रस्त्यावर जागा नसेल तर जॅकवरच, टायरच्या बाजूवर आतून-बाहेरून रबरी हातोड्याने फिरत्या जागी ठोके द्या.

सुटल्यावर हबचा मधला गोल वायर ब्रशने घासा आणि त्याच्यावर कॉपर ग्रीसचा एक पातळ हात द्या. फक्त त्या गोलावर. रिम ज्या सपाट भागावर टेकते तिथे आणि स्टडवर नाही.

नटाचे कोपरे गेले. गोटी नुसती फिरते. (धरमपेठ)

फिरू देऊ नका, प्रत्येक वेळी आणखी कोपरा जातो. आधी कसला नट आहे ते पाहा. लोखंडी नटावर स्टीलची चकचकीत टोपी चढवलेले दोन थरांचे नट काही गाड्यांना असतात. टोपीखाली पाणी शिरून गंज फुगतो, टोपी फुगते आणि १९ ची गोटी बसतच नाही, तर २१ ची सैल फिरते. अशा वेळी टोपी छिन्नीने उपटून काढा, आत लहान मापाचा खरा नट निघतो. नंतर पूर्ण संच एकसंध नटांचा घ्या.

नट खरोखर गोल झाला असेल, तर आतून उलट्या पिळाच्या धारा असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी लावा. ती हातोडीने ठोकून बसवायची आणि ब्रेकर बारने सोडवायची. जितकं डावीकडे फिरवाल तितकी ती नटाला जास्त चावते. नट पुन्हा वापरता येत नाही. तोही उपाय फसला, तर वर्कशॉपमध्ये नट चिरून काढावा लागतो. अलॉयवर ते नाजूक काम आहे, रस्त्याच्या कडेला करू नका.

याच वाचकांनी अलॉय लावलेल्या गाडीला लोखंडी रिमची स्टेपनी असल्याचंही लिहिलं आहे. नटाचा खालचा भाग पाहा. बहुतेक नट साठ अंशांचे शंकूच्या आकाराचे असतात, होंडाचे मूळ नट गोलाकार, आणि काही टोयोटा अलॉयना सपाट वॉशरचे. शंकूचा नट गोल खळग्यात फक्त एका बारीक कड्यावर टेकतो. कसलेला वाटतो, पण शे-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. स्टेपनीला वेगळे नट लागत असतील तर ते एका पिशवीत स्टेपनीच्याच खळग्यात ठेवा.

चोरीविरोधी लॉक नटाची चावी हरवली. (रामदासपेठ)

चावीसोबत एक कार्ड आलेलं असतं, त्यावरच्या क्रमांकाने नवी चावी मिळते. कार्ड नसेल तर वर सांगितलेली एक्स्ट्रॅक्टर गोटीच. नवी चावी मिळाली की ती जॅकच्या पिशवीत ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही, आणि टायरच्या दुकानातून निघताना ती परत घेतली का हे बघूनच गाडी सुरू करा. लॉक नटावर गन चालवायची नाही. त्याच्या नक्षीच्या खाचा पातळ असतात, त्या फुटतात.

टॉर्क पाना घेतला आहे. 'कट' झाल्यावर खात्रीसाठी आणखी एकदा दाबतो. बरोबर ना? (बुटीबोरी)

नाही. पहिल्या आवाजाला थांबायचं. त्यानंतरचा प्रत्येक दाब आकड्याच्या पुढे नेतो, आणि चांगला टॉर्क पाना घेण्याचा सगळा अर्थ तिथे संपतो.

चाकासाठी अर्धा इंची, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा क्लिक पाना योग्य. टोकाच्या आकड्यांवर तो कमी खरा असतो, १०० सारखा आकडा मध्यावर येतो, म्हणून हा पल्ला. गाडीच्या पुस्तकातला आकडा आधी लिहून घ्या आणि एकक पाहा. काही पुस्तकांत तो किलोग्रॅम मीटरमध्ये असतो: ११ म्हणजे १०८ न्यूटन मीटर. पान्याच्या दांड्यावर दोन मापपट्ट्या असतात, एक न्यूटन मीटरची, एक फूट पाउंडची. चुकून फूट पाउंडवर १०० लावलं तर ते १३६ न्यूटन मीटर होतं. ही चूक वर्कशॉपमध्येही होते.

आधी हाताने आणि फुली पान्याने नट बसवा. टायर जमिनीला टेकल्यावर पहिल्या फेरीत ५०-६०, दुसऱ्या फेरीत पूर्ण आकडा, दोन्ही वेळा समोरासमोर. एकाच नटाला एकदम पूर्ण कसलं की रिम एका बाजूला तिरकी बसते. त्यातून पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, कारण डिस्क असमान दाबाने वेडीवाकडी फिरते. पान्याच्या मुठीवर जी खूण असते तिथेच धरा, हळू आणि सलग ओढा. झटका दिला की माप चुकतं.

नट सोडवायला हा पाना वापरू नका. काम झालं की आकडा सर्वांत कमी खुणेवर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप बिघडतं. घरी वर्षातून आठ-दहा वेळा वापरणाऱ्यांनी पाना पडला, आपटला की तपासून घ्यावा. वर्कशॉपने मात्र दरवर्षी.

नवं चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटर चाललं की पुन्हा तपासा. त्याच आकड्यावर पाना लावा. लगेच 'कट' झाला तर ठीक. नट थोडा फिरून मग 'कट' झाला तर तो सैल झाला होता. या तपासणीत जास्त आवळलेला नट ओळखू येत नाही, त्यावरही पाना लगेच 'कट' करतो. म्हणून टायरच्या दुकानातच सांगा: नट बोटांनी लावा, गन फक्त टेकवण्यापुरती, शेवटचं कसणं हाताने माझ्यासमोर. त्यांच्याकडे टॉर्क पाना नसेल तर तुमचा द्या. यात कोणाचा अपमान नाही, आणि पुढच्या पंक्चरला तुमच्याच हाताने नट सुटेल की नाही ते याच ठिकाणी ठरतं.

काटोल रोडच्या कडेला जॅक मातीत रुतला. (काटोल)

काळी माती पावसाळ्यात जॅकला धरत नाही, उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हाही नाही. एक फूट बाय एक फूट, निदान पाऊण इंच जाड प्लायवूडचा तुकडा डिकीत ठेवा आणि जॅकखाली घाला. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की डांबरही मऊ पडतं, तेव्हाही तो हवा. हातमोजेही ठेवा. दुपारी डिकीतला बार उघड्या हाताने धरवत नाही. मातीच्या कडेपेक्षा शंभर-दोनशे मीटर पुढे पक्की जागा असेल तर सावकाश तिथपर्यंत न्या, टायर गेला तरी चालेल. धोक्याचा त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल आणि चाक रहदारीच्या बाजूचं असेल, तर स्वतः बसू नका, १०३३ ला फोन करा.

जुनी जीप घेतली. डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात, असं खरंच असतं? (सावनेर)

असतं. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चालत्या चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये हा विचार त्यामागे होता. त्या बाजूला सुटायची दिशा घड्याळाच्या काट्याची. स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेलं दिसतं का ते आधी घासून पाहा. आधीच्या मालकाने हब बदलला असेल तर दोन्ही बाजू सरळही असू शकतात. न पाहता २४ इंची बार लावलात तर पाच मिनिटांत स्टड तुटेल.

नव्या गाडीत स्टेपनीच नाही, नुसतं पंक्चर किट. मग पाना कशाला? (बेसा)

२०२० मधल्या नियमबदलानंतर टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना स्टेपनीशिवाय विकता येतं. अशा गाड्यांत कंपनी अनेकदा पाना आणि जॅकही देत नाही. पण टायरची बाजू फाटली तर किटचा फेस काम करत नाही, आणि मदतीला आलेल्या माणसाकडे तुमच्या मापाची पातळ गोटी असेलच असं नाही. योग्य मापाची गोटी आणि बार, एवढं तरी ठेवा. आणि गाडीचे चाक नटांऐवजी बोल्टने बसत असेल, जसं फोक्सवॅगन आणि स्कोडाचं, तर शेवटचा बोल्ट काढताना चाक पायाने टेकवून धरा. तिथे स्टड नसतात, चाक थेट पायावर येतं.